विहिरीच्या वरच्या अंगाला

फोन आला तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात खिचडीची पंगत बसली होती. पोरांना वाढता वाढताच मी फोन कानाला लावला. नागपूरहून कुमुदताईचा भाऊ बोलत होता. "सविताताई, ताई गेली. सकाळीच गेली. तुम्हाला आधी कळवायला सांगून ठेवलं होतं तिनं." मी "बरं" म्हणाले. हातातला डाव भांड्यात ठेवला, मुलं हात धुतात तिथं जाऊन पिंपातल्या पाण्याकडे बघत उभी राहिले. पंगत उठली, मुलं माझ्या दोन्ही बाजूंनी येऊन हात धुऊन गेली, आणि दुसरीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, पाण्यात काय पडलं?" काहीच पडलं नव्हतं...

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. वर्तमानपत्रात तिच्यावर चार ओळी आल्या होत्या. डॉ. कुमुद इंगोले, ज्येष्ठ शास्त्रज्ञ, पाणी आणि स्वच्छता या विषयावरचं संशोधन, देशोदेशी मान्यता, असं काहीबाही. त्यातलं खोटं काहीच नव्हतं. पण मी वाशीम जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते, ती माझ्या घरी येऊन राहायची, आणि त्या चार ओळींत मला ती कुठं सापडली नाही. म्हणून लिहिते आहे. बोलताना मी तिला नेहमी 'तुम्ही'च म्हणायची. लिहिताना मात्र 'ती' येतंय, तर येऊ दे. गावाचं नाव लिहीत नाही. आसेगावच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं, एवढं पुरे. नाव छापू नको, असं तिनंच एकदा बजावलं होतं. 'काविळीचं गाव' म्हणून आमच्या पोरींच्या सोयरिकी मोडत होत्या, ते तिनं पाहिलं होतं.

गाव उतारावर आहे. वरच्या अंगाला घरं, खालच्या अंगाला नाला आणि नाल्याच्या अलीकडे पिण्याच्या पाण्याची विहीर. वरून काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला काळा दगड. ही जमीन आमच्या पायाखाली जन्मभर होती, पण आत काय आहे याचा विचार करायचं कारण कधी पडलं नव्हतं. संडास बांधायची मोहीम आली तेव्हा घरोघरी मागच्या बाजूला खड्डे खणले गेले. मी स्वतः बायकांना समजावत फिरले होते. खरं तर बायकांना समजवावंच लागलं नाही, समजवावं लागलं ते पुरुषांना. पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून, धुऱ्याच्या म्हणजे शेताच्या बांधाच्या आडोशाला, कुणी येतंय का बघत बसायचं... ते संपलं. हागणदारीमुक्त गाव म्हणून वेशीवर पाटी लागली. माझी धाकटी जाऊ रेखा त्या वर्षी लग्न होऊन घरात आली होती. ती म्हणायची, "ताई, मी तं बापाले सांगतलं होतं, संडास असन त्याच घरी मले द्या." आणि हसायची. तिला हसताना तोंडावर पदर घ्यायची सवय होती.

रेखा गरोदर होती त्या पावसाळ्यात गावात कावीळ आली. आधी पोरांना झाली, मग मोठ्यांना. बहुतेक सगळे महिनाभर अशक्त होऊन उठले. रेखाला सातवा संपत आला होता. ताप, उलट्या, मग डोळे पिवळे झाले. सासूबाईंनी काविळीची माळ घालणाऱ्याला बोलावलं, मी दवाखान्याची गाडी बोलावली. वाशीमहून अकोल्याला पाठवलं. अकोल्यात ती माणसं ओळखेनाशी झाली. माझा दीर संजू तिच्या उशाशी बसून एकच विचारत होता, "रेखा, मी कोन हावो सांग?" तिनं काही सांगितलं नाही. ती गेली, पोटातलंही गेलं. पाठोपाठ खालच्या आळीतली आणखी एक गरोदर बाई गेली. सरकारी लोक येऊन विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकून गेले, पाण्याला वास येतो म्हणून लोकांनी तक्रार केली, आणि थोड्या दिवसांनी पावडर टाकायचंही राहून गेलं.

कुमुदताई आली ती त्यानंतर. जीपमधून चौघं उतरली, त्यांत ती सगळ्यांत बुटकी. कॅनव्हासचे बूट, ढगळ कुर्ता, घसा बसल्यासारखा आवाज. नागपूरच्या एका संशोधन संस्थेतून आलोय म्हणाली. लोकांना वाटलं हे पुन्हा पावडरवालेच. ती माझ्या ओट्यावर बसली आणि रेखाबद्दल विचारू लागली. आजार कधी सुरू झाला हे तिनं विचारलंच, पण त्याआधी रेखा कुठलं पाणी प्यायची, कुणी भरायचं, शेतात गेली तर तिथं कुठलं, हे विचारलं. मी सांगत होते. मधेच मला बोलता येईना. तिनं लिहिणं थांबवलं, पेन बंद केलं. मग म्हणाली, "गरोदर बाईला ही एक कावीळ फार वाईट असते. ती पाण्यातून येते. तुमच्याकडून काही चुकलं नाही. पाणी कुठून घाण होतंय ते मला शोधायचंय." त्या दिवसांत आमच्या घरात जो तो स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष देत होता. "तुमच्याकडून चुकलं नाही" असं म्हणणारी ती पहिली.

मग ती येतच राहिली, बहुतेक दर शनिवारी. तिचं पथक जीपने परत जायचं आणि ती आमच्याकडे मुक्काम करायची. माणसांची नावं तिच्या लक्षात राहत नसत. सरपंच दिगांबरभाऊंना ती तीन वेळा नवीन माणूस समजून भेटली. विहिरी मात्र लक्षात राहायच्या. बाजारात कुणी हटकलं की म्हणायची, "तुमची ती निंबाखालची, पायऱ्या ढासळलेली विहीर, हो ना?" ज्वारीची भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर खायची. लग्न केलं नव्हतं. सासूबाईंनी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "राहून गेलं, आजी." सासूबाईंना ते इतकं पटलं की पुढे त्याच इतरांना सांगू लागल्या, "राह्यून गेलं बिचारीचं."

पाणी तपासल्यावर एवढं कळलं की विहिरीत मैला उतरतोय. कुठून, ते कळत नव्हतं. नाल्यातून, गुरांच्या गोठ्यांतून की आणखी कुठून? तिला शंका आली होती, पण शंका बोलून दाखवायची तिची रीत नव्हती. एक दिवस तिनं ग्रामपंचायतीत सगळ्यांना बसवून सांगितलं, की वरच्या आळीतल्या संडासाच्या खड्ड्यांत आम्ही एक रंग टाकणार आहोत, त्यानं अपाय होत नाही, पण तो विहिरीत उतरला तर दिसेल. दिगांबरभाऊ म्हणाले, "टाका ना. दगडातून का रंग जाईन?" रंग टाकला. पाऊस झाला. आणि एका सकाळी पाण्याला गेलेल्या बायका रिकामे गुंड-हंडे घेऊन माघारी आल्या. सगळं गाव विहिरीवर जमलं. पाणी हिरवं झालं होतं. ते शेवाळाचं हिरवं नव्हतं, पोपटाच्या पिसासारखं लख्ख हिरवं होतं. कुमुदताई काठावर उभी होती. तिचा अंदाज बरोबर निघाला होता, आणि तिचा चेहरा मेलेल्या माणसासारखा झाला होता. संजू माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, म्हंजे आपल्याच संडासाचं...?" वरच्या आळीत पहिलं घर आमचंच आहे.

ग्रामसभा झाली. कुमुदताईनं जितकं सोपं करून सांगता येईल तितकं सांगितलं. "दोष संडासाचा नाही, जागेचा आहे. खड्डे विहिरीच्या वरच्या अंगाला आहेत आणि खाली दगड भेगाळलेला आहे. मातीतून गाळून जायचं ते सरळ भेगांतून जातंय. संडास बंद करू नका. पाणी उकळून प्या, आणि आम्हाला दुसरा मार्ग काढायला वेळ द्या." तिनं 'बंद करू नका' हे पुन्हा पुन्हा सांगितलं, मी साक्षीला आहे. पण लोकांनी जे डोळ्यांनी पाहिलं होतं त्यापुढे तिचं कुणी ऐकेना. दिगांबरभाऊ उभे राहिले. त्यांच्या नातवाला कावीळ होऊन गेली होती. "म्याडम, तुमी म्हनता चालू ठेवा. मंग मी का माह्या हातानं गावाले गू पाजू?" मी म्हणाले, "मग बायकांनी जायचं कुठं?" एक जण मागून म्हणाला, "पहिले जात होत्या तिथंच." त्या आठवड्यात वरच्या आळीतले खड्डे सिमेंट लावून बंद झाले. वेशीवरची पाटी तशीच होती.

गोदाकाकूचं घर आमच्या पलीकडचं. नवरा नाही, दोन एकर शेत, एकुलती पोरगी पूजा बारावीला. पूजा माझी जुनी विद्यार्थिनी. अक्षर वळणदार, गणितात कच्ची, आणि नर्स व्हायचं म्हणायची. खड्डे बंद झाल्यापासून पोरी संध्याकाळी घोळक्यानं धुऱ्याकडे जायच्या. सोयाबीन कमरेएवढं झालं होतं. त्या दिवशी पूजाला काही दिसलं नाही, काटा लागला असं वाटलं. घरी येईपर्यंत पाय सुजला. घोणस होती. पावसानं रस्ता खचलेला, मोटारसायकलवर मधे बसवून तिला मंगरूळपीरला नेलं, तिथून पुढे अकोल्याला न्यायला निघाले, आणि वाटेतच... गोदाकाकू तिचं डोकं मांडीवर घेऊन गाडीत बसली होती. परत आली तेव्हाही तशीच बसली होती.

मी कुमुदताईला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी एसटीनं एकटी आली. मी तिला सांगितलं, आता नका जाऊ त्या घरी, दिवस होऊ द्या. तिनं ऐकलं नाही. ओसरीवर बायका बसल्या होत्या, ती त्यांच्यात जाऊन बसली. गोदाकाकू अगदी साध्या आवाजात म्हणाली, "म्याडम, तुमी तो रंग नसता टाकला तं माही पोट्टी आज घरात असती." कुमुदताईनं मान हलवली. "हो काकू." एवढंच. आपण बंद करा म्हटलं नव्हतं, असं ती सांगू शकली असती. ते खरंही होतं. ती बोलली नाही. कुणीतरी रीतीप्रमाणे तिच्यापुढे पाण्याचा पेला केला. तिनं तो हातात घेतला आणि धरून राहिली. गोदाकाकू म्हणाली, "पेत काहून नाई? आमी तं तेच पेतो."

"काकू, मी नाही पिणार. आणि तुम्हीही असंच पिऊ नका. उकळून प्या."

मयताच्या घरी असं बोलतात का? बायकांत कुजबुज झाली, गोदाकाकूची बहीण उठून म्हणाली, "उठा तुमी अथून." मी तिचा हात धरून तिला बाहेर आणलं. बाहेर बाभळीखाली ती उभी राहिली. म्हणाली, "सविता, मी प्यायले असते तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. मलासुद्धा. पण उद्या त्यांना कावीळ झाली असती तर?" मला तेव्हा तिचा रागच आला होता, आणि तिच्या जागी मी काय केलं असतं हे आजही सांगता येत नाही.

त्यानंतर तिनं जे केलं त्याला मी वेड म्हणेन. संस्थेतली माणसं तपासतात, निष्कर्ष लिहितात, पुढच्या गावाला जातात. ती आमच्या गावात अडकली. विहिरीसाठी वरच्या अंगाला नवी जागा शोधायची, म्हणून यंत्र घेऊन तिनं माळ पालथा घातला. दोन ठिकाणी खोदलं, कोरडा दगड लागला. तिसऱ्या ठिकाणी पाणी लागलं. त्या दिवशी दिगांबरभाऊंनी नारळ फोडला, गोदाकाकूसुद्धा लांब उभी राहून बघत होती. ते पाणी होळीपर्यंत पुरलं आणि आटलं. त्याच्या पुढच्या वर्षी संक्रांतीलाच आटलं. दुसरा मार्ग बंद टाक्यांचा होता. तळाला आणि भिंतींना पक्का गिलावा केलेली टाकी, तिच्यातलं पाणी पुढे कर्दळी लावलेल्या वाफ्यात, म्हणजे भेगांत काही उतरायचं नाही. पण पहिली टाकी कुणी घरामागे बांधू देईना. पुन्हा रंग टाकतील, पुन्हा काही निघेल, ही भीती होती. मग एक दिवस गोदाकाकू स्वतः माझ्या दारात आली, कुमुदताई आत जेवत होती. काकू आत न येता म्हणाली, "माह्या घरामागं बांधा. माह्यापासून आता न्यायाले राह्यलंच काय." कुमुदताईनं भरल्या हातानंच उठून तिला हाताला धरून आत आणलं. दोघी चुलीजवळ बसल्या. त्या काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, मी मुद्दाम गोठ्यात गेले.

काकूनंतर आठ-दहा घरांनी टाक्या बांधून घेतल्या. कर्दळीला लाल फुलं आली. पोरी पुन्हा घरच्याच संडासात जाऊ लागल्या. मला वाटलं, झालं. पण टाकी भरली की उपसायला गाडी लागते, गाडी तालुक्याहून यायची, आणि आमचा काळ्या मातीचा रस्ता पावसाळ्यात बैलगाडीलाही घेत नाही. टाक्या तुंबल्या, वरून वाहू लागल्या, आणि उतारानं ते पाणी कुठं गेलं हे सांगायला रंगाची गरज नव्हती.

त्याच सुमारास प्रकल्पाची मुदत संपली. कुमुदताईनं मला आणि गोदाकाकूला नागपूरला संस्थेत नेलं, संचालकांसमोर बसवलं. संचालक भला माणूस होता. आम्हाला चहा दिला, काकूशी अदबीनं बोलला, पूजाबद्दल ऐकताना त्यानं चष्मा काढला. मग तो म्हणाला, "कुमुद, आपण उत्तर शोधतो. टाक्या उपसणं, रस्ता करणं हे ज्याचं काम त्यानं करायचं. आपण एका गावात अडकून बसलो तर पुढच्या गावांचं पाणी कोण तपासणार?" ती म्हणाली, "पुढच्या गावात तरी काय करू सर? तिथंही रंग टाकू आणि निघून येऊ." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, तिचंही नव्हतं, आणि आम्ही दोघी मधे बसलो होतो. गोदाकाकू अचानक म्हणाली, "साहेब, तुमी शिकेल लोकं हा. तुमाले जे समजलं ते ज्याले कराले सांगाचं हाये त्याले तुमीच सांगा ना. आमी सांगतलं तं आमचं कोन आयकते?" संचालकांनी खरोखर पत्रं लिहिली, वर कळवलं. कुमुदताई पुढे किती कार्यालयांत बसली त्याला हिशेब नाही. एकीकडे म्हणत, रस्ता आमच्याकडे नाही. दुसरीकडे म्हणत, गाडी आमच्याकडे नाही. सगळीकडे तिला 'म्याडम' म्हणून खुर्ची द्यायचे.

एकदा ती परदेशी परिषदेला जाऊन आली. नेहमीसारखी शनिवारी आली, तेव्हा तिचा चेहरा वेगळाच दिसत होता. फोनमध्ये फोटो दाखवू लागली. आफ्रिकेतलं कुठलंसं डोंगरी गाव, तिथंही आमच्यासारखाच काळा भेगाळलेला दगड. तिथल्या एका बाईनं आमच्या विहिरीवरचा हिचा लेख वाचला होता. तिथं त्यांनी आधी दगड तपासला, विहिरीची जागा ठरवली, मग तिच्या खालच्या अंगाला संडास बांधले. फोटोत नळाखाली ओली झालेली पोरं दात काढून हसत होती. "बघ सविता, तिथं कुणी मेलं नाही." हे ती दोन-तीनदा म्हणाली. मीही आनंदानं बघत होते. मग तिनं फोन बाजूला ठेवला आणि ओंजळीत तोंड घालून रडू लागली. तिला रडताना मी तेव्हाच पाहिलं. "रेखाचं, पूजाचं सगळं तिकडे कामी आलं गं. इथं मी त्यांच्यासाठी एक विहीरसुद्धा करू शकले नाही." सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "राहू दे माय, राहू दे..."

निवृत्तीनंतरही तिचे शनिवार चुकले नाहीत. येताना टीसीएल आणायची, संजूला सोबत घेऊन विहिरीत टाकायची, शाळेत मुलांसमोर चुलीवर पाणी उकळून दाखवायची. मोठी नळयोजना मंजूर झाली, गावाबाहेर टाकी उभी राहिली, रंगवली गेली. पाणी कधी येतं, कधी येत नाही. येत नाही तेव्हा बायका विहिरीवर जातात. मग तिचे शनिवार विरळ झाले. थकवा म्हणायची. रक्ताचा आजार निघाला, तोही बराच पुढे गेलेला.

शेवटची भेट नागपूरच्या दवाखान्यात झाली. मी भाकरी-ठेचा नेला होता, तिनं फक्त वास घेतला. हात काटकुळे झाले होते. या पावसाळ्याचं काय, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, खालच्या आळीत पुन्हा काही जणांचे डोळे पिवळे झालेत.

"विहिरीवरचेच?"

"हो."

"कुणी गरोदर आहे त्यांच्यात?"

"नाही."

तिनं डोळे मिटले. ती झोपली असं समजून मी उठायला लागले, तेव्हा म्हणाली, "मला एक सांग. मी आलेच नसते तर? विहीर तशीच, कावीळ तशीच. पूजा तरी असती." मी म्हणाले, "असं नका बोलू." ती म्हणाली, "मी बोलत नाहीये, विचारतेय." मी तिच्या तळपायांना तेल लावलं, गाडीची वेळ झाली, निघाले.

संस्थेत शोकसभा झाली. मी आणि गोदाकाकू गेलो. मोठमोठी माणसं बोलली. कुठल्याशा मार्गदर्शिकेत, विहीर आणि संडास यांच्या जागेबद्दलचं वाक्य तिच्या कामामुळे बदललं, असं एकानं सांगितलं. आता देशभर त्याप्रमाणे बांधलं जाईल, म्हणाला. टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणाला कळलं नाही. गोदाकाकूनं मला विचारलं, "काय बोलून राह्यला तो?" मी सांगितलं, म्याडममुळे पुढच्या गावांत नीट होईल. काकू म्हणाली, "बरं झालं." आणि पदरानं डोळे पुसले.

माझ्या मुलीला, मेघाला, सातवा लागला आहे. पुण्याला असते. पहिलं बाळंतपण माहेरी, अशी आपली रीत. मी दिवाळीपासून तयारीला लागले होते. घराच्या मागच्या अंगाला एक छोटी खोली आहे, कुमुदताई त्याच खोलीत झोपायची. खोली मी सारवून घेतली, बाज आवळून घेतली, खिडकीला जाळी बसवली. गेल्या शनिवारी गादीला ऊन दाखवून परत आत टाकली आणि बाजेवर टेकले. विहिरीवरून बायका परतत होत्या, बांगड्यांचा आवाज येत होता. नळाला पाणी येऊन बरेच दिवस झाले होते. मी तिथंच बसून मेघाला फोन लावला.

"आई, पुढच्या महिन्यात निघते मी. यांनी तिकीट काढलंय."

"बाई, येऊ नको," मी म्हणाले.

तिला आधी वाटलं मी थट्टा करतेय. मग वाटलं, घरात काही बिनसलंय. मी सांगितलं, पाणी उकळून दिलं असतं गं, पण भांडी कशानं धुणार, आंघोळ कशानं घालणार, एका घोटाची नजरचूक झाली तर? ती म्हणाली, "बाकीच्या पोरी येतातच ना माहेराला?" मी म्हणाले, "येतात." तिकडे ती रडत होती, ते मला ऐकू येत होतं. शेवटी म्हणाली, "मग तू ये इकडे." मी हो म्हणाले.

फोन ठेवल्यावर सासूबाई दारात आल्या. त्यांना आता नीट दिसत नाही, पण ऐकलं होतं सगळं. म्हणाल्या, "तुह्या लेकीले तुनंच माहेर तोडलं माय?" मी गादीची गुंडाळी केली, बाज भिंतीला उभी केली. मग चुलीवर पाण्याचं मोठं पातेलं चढवलं आणि ते उकळेपर्यंत तिथंच बसून राहिले.